टीबीच्या गोळ्या चालू असताना आईला रंग ओळखू येईनात, कुणाला असा अनुभव आहे का?

द्राक्षबाग (शुक्रवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय आणि घाबरून लिहितेय त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझी आई, वय ६१, तासगावजवळ राहते, मी पुण्यात. गेल्या वर्षी तिची पाठ दुखायला लागली, आधी आम्हाला वाटलं वयामुळे असेल, मग वाटलं बेदाण्याच्या शेडवर दिवसभर वाकून निवडायला बसते त्यामुळे असेल, मलम लावून लावून तीन महिने घालवले आणि शेवटी एमआरआय केल्यावर मणक्याचा टीबी निघाला. सरकारी टीबी युनिटमधून औषध चालू झालं. पहिले दोन महिने एका प्रकारच्या गोळ्या होत्या, आता दुसऱ्या आहेत, रोज तीन, सकाळी एकदम घ्यायच्या. मणक्याचा आहे म्हणून वर्षभर तरी घ्याव्या लागतील म्हणालेत. आता पाचवा महिना संपत आलाय. पाठ खरंच खूप बरी आहे, स्वतः उठते बसते, पाणी भरते. वजन मात्र ३८ किलोवरच आहे. शुगर दहा-बारा वर्षांपासून आहे.

आता डोळ्यांचं सांगते. आई गोधड्या शिवते, आमच्या आख्ख्या गल्लीत तिच्यासारखा बारीक धावदोरा कुणाचा नाही. मागच्या रविवारी घरी गेले तेव्हा अर्धी झालेली गोधडी उचलून बघितली तर आजीच्या लाल लुगड्याच्या पट्टीवर एकाच ओळीत अर्धा लाल आणि अर्धा चॉकलेटी दोरा. म्हटलं आई हे काय केलंस, तर म्हणाली लालच आहे की गं सगळा. दोन्ही रिळं तिच्या हातात दिली, तिनं खिडकीपाशी नेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली एक जरा मळलंय एवढंच. मग हळूहळू विचारल्यावर कळलं की महिनाभर तिला सगळं धुरळा बसल्यासारखं दिसतंय, टीव्हीवरचे रंग उतरल्यासारखे दिसतात, आणि माणूस समोर उभा राहिला तर तोंडापेक्षा त्याचे कान खांदे जास्त नीट दिसतात. दुखत काही नाही, लाल नाही, पाणी नाही.

तीन आठवड्यांपूर्वी ती भावाबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. ते म्हणाले मोतीबिंदूची थोडी सुरुवात आहे, नंबर बदललाय, चष्मा करून घ्या. चष्मा केला, काडीचा फरक नाही. टीबीच्या गोळ्या चालू आहेत हे तिनं तिथं सांगितलंच नाही, त्यांनीही विचारलं नाही. सांगितलं नाही कारण मामी म्हणाली होती बाहेर कुठं बोलू नका, लोक ताटवाटी वेगळी काढतात.

आज ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली की टीबीच्या एका गोळीनं डोळ्यांवर परिणाम होतो. खरं आहे का हे? असेल तर गोळ्या थांबवायच्या का? युनिट आता सोमवारी उघडेल, तोपर्यंत थांबलं तर चालेल का?

---

सह्याद्रीवारा (रात्री १०.०५)

ताई, सोमवारपर्यंत थांबू नका. आधी हे वाक्य वाचा मग बाकीचं वाचा.

मिस्टरांना चार वर्षांपूर्वी मानेतल्या गाठीचा टीबी झाला होता, वय ३४, धडधाकट माणूस, शुगर नाही बीपी नाही. चौथ्या महिन्यात एक दिवस गाडी चालवताना म्हणाले सिग्नलचा लाल आणि हिरवा दोन्ही पांढरटच दिसतायत, खालचा पेटलाय का वरचा त्यावरून ओळखतोय. आम्ही दोघांनी त्यावर काय केलं असेल, तर काही नाही. ऑफिसात दिवसभर स्क्रीन असते, अशक्तपणा आहे, बी-कॉम्प्लेक्स घेऊ, असं म्हणत पाच आठवडे काढले. त्या पाच आठवड्यांत ते मोबाइलचे फॉन्ट मोठे मोठे करत गेले आणि एक दिवस लेकीच्या शाळेची डायरी माझ्याकडे देऊन म्हणाले तू वाच. तेव्हा आम्ही गेलो.

इथॅम्ब्युटॉल नावाचं औषध आहे टीबीच्या कॉम्बिनेशनमध्ये, ते डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर परिणाम करतं. सगळ्यांना नाही, थोड्याच लोकांना, पण होतं तेव्हा दोन्ही डोळ्यांना होतं आणि दुखत अजिबात नाही म्हणून माणूस गाफील राहतो. तुमच्या आईचं वर्णन वाचून अंगावर काटा आला कारण शब्दन् शब्द तेच, रंग उतरलेत आणि मधलंच दिसत नाही.

त्यांची नजर परत आली, पण पूर्ण नाही. सात-आठ महिने लागले. गाडी चालवतात आता, पण पेपरातलं बारीक वाचताना भिंग लागतं आणि गर्द निळा-काळा अजून ओळखता येत नाही, मोजे मी काढून ठेवते. डॉक्टर म्हणाले होते की पहिल्याच आठवड्यात आला असता तर कदाचित एवढंही राहिलं नसतं. ते पाच आठवडे मला आजही खुपतात.

---

हिरवंगार (रात्री १०.३०)

ताई माझं स्पष्ट मत आहे, सगळ्या गोळ्या आजच बंद करा. डोळ्यांपेक्षा मोठं काही नाही. पाठ बरी झालीय म्हणताय म्हणजे टीबी गेलेलाच आहे. गाजराचा रस, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणे आणि झिंकच्या गोळ्या चालू करा, माझ्या आत्याला डोळ्यांसाठी खूप गुण आला होता. पाच महिने औषध पोटात गेलंय ते पुरेसं आहे.

---

एसटीएस_११वर्षं (रात्री ११.१०)

मी सरकारी टीबी कार्यक्रमात ११ वर्षं एसटीएस, म्हणजे पेशंटच्या उपचारांवर देखरेख करणारा सुपरवायझर, म्हणून काम करतोय, म्हणून आधी वरच्या प्रतिसादाबद्दल. हिरवंगार, तुमचा हेतू चांगला आहे पण हा सल्ला कृपया कुणी घेऊ नये. पाठ दुखायची थांबली म्हणजे मणक्यातले जंतू संपले असं नसतं. मधेच सगळं सोडून दिलेले पेशंट मी परत येताना बघितलेत, आणि परत येतात तेव्हा काहींना साध्या गोळ्या लागू पडत नाहीत, मग जी लांबलचक औषधं द्यावी लागतात त्यातलं लिनेझोलिड तर स्वतःच डोळ्यांच्या नसेला त्रास देऊ शकतं. म्हणजे डोळे वाचवायला सोडलं आणि डोळ्यांवरच आलं. मणक्याचा असेल तर पायातली ताकद जायची भीती वेगळी.

आता ताई तुमच्यासाठी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: इथॅम्ब्युटॉल चालू ठेवायचं नाही, आणि बाकीचं औषध सोडायचं नाही. अडचण अशी की हे घरी करता येत नाही, कारण ती एकाच गोळीत तीन औषधं आहेत. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळीत चार औषधं असतात, आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. नंतरच्या गोळीतून पायराझिनामाइड निघतं, बाकी तीन राहतात. इथॅम्ब्युटॉल एका गोळीत २७५ मिलिग्रॅम. तेवढंच काढायचं तर डॉक्टरांना कॉम्बिनेशन बंद करून सुट्या गोळ्या लिहून द्याव्या लागतात. ते होतं, आम्ही करून दिलेलं आहे, सुट्या गोळ्या मागवून मिळतात, फक्त कुणीतरी मागे लागावं लागतं.

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, पूर्वी आपल्याकडे दिवसाआड डोस असायचा आणि नव्या पेशंटला इथॅम्ब्युटॉल पहिले दोनच महिने असायचं. २०१७ पासून रोजचा डोस आला आणि इथॅम्ब्युटॉल शेवटपर्यंत ठेवलं, कारण आपल्या देशात बऱ्याच जणांचा टीबी आयसोनायझिडला दाद देत नाही, अशा वेळी रिफाम्पिसिन एकटं पडू नये. कारण योग्यच आहे, पण त्याचा अर्थ असा की पेशंट हे औषध आता जास्त महिने घेतो, आणि आईंसारखा वर्षभराचा कोर्स असेल तर आणखीनच. त्यामुळे डोळ्यांकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं आणि तेच आमच्याकडून कामाच्या रेट्यात राहून जातं, हे मी कबूल करतो. गोळ्या मोजतो, वजन घेतो, बँक खातं जोडलंय का विचारतो, पण "लाल रंग नीट दिसतोय का" हे विचारायचं राहतं.

डोसचं गणित बघा. ३५ ते ४९ किलोला तीन गोळ्या, असा वजनाचा पट्टा आहे. तीन गोळ्या म्हणजे ८२५ मिलिग्रॅम. ४८ किलोच्या बाईला ते किलोमागे १७ पडतं, तुमच्या आईला ३८ किलोवर जवळजवळ २२. चूक कुणी केली नाही, पट्ट्यात बसतंय, पण त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असलेल्या माणसाला किलोमागे जास्त डोस पडतो. आणि हे औषध बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं. दहा वर्षांची शुगर म्हणजे किडनी कशी आहे हे बघायलाच हवं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी केलंय का? जुना रिपोर्ट असेल तर काढून ठेवा.

उद्या शनिवार आहे. सकाळचा डोस घेण्याआधी युनिटच्या डॉक्टरांना किंवा तुमच्या एसटीएसला फोन लावा, कार्डावर नंबर असतो. नाही लागला तर टीबीची सरकारी निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६, फुकट आहे. फोनवर बोलणं होईपर्यंत डोस काही तास पुढे गेला म्हणून बिघडत नाही, आठवडे गेले तर बिघडतं. आणि त्याच दिवशी आईंना जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला न्या, तिथे सुट्टीलाही डोळ्यांचे डॉक्टर ऑन-कॉल असतात. टीबीचं कार्ड, गोळ्यांची रिकामी पाकिटं, शुगरची फाइल सगळं बरोबर घ्या. सुरुवातीच्या तपासणीत आयसोनायझिड लागू पडतं का याचा रिपोर्ट आलेला असेल तर तो नक्की न्या, इथॅम्ब्युटॉल काढल्यावर पुढे काय ठेवायचं ते त्यावर ठरतं.

---

नजरेचा_फळा (रात्री ११.५५)

ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांची नजर तपासते, नाशिकला. एसटीएस दादांनी औषधाचं सांगितलंच आहे, मी डोळ्यांचं सांगते.

पहिल्या डॉक्टरांवर रागावू नका, म्हणजे गोळ्यांचं विचारायला हवं होतं हे खरंच, पण या त्रासात सुरुवातीला डोळ्याच्या आत बघितलं तर काही दिसतच नाही. नस डोळ्याच्या मागे दुखावलेली असते, पुढून तिचं टोक अगदी गुलाबी निरोगी दिसतं. ते फिकट पडतं नंतर, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. ६१ वर्षांच्या बाईच्या डोळ्यात थोडा मोतीबिंदू सापडतोच, म्हणून तो दोष त्याच्यावर जातो. आमच्या खुर्चीत बसणाऱ्या पेशंटनं सांगितलं नाही तर आम्हाला कळायला दुसरा मार्ग नसतो. म्हणून हात जोडून सांगते की टीबी असो, संधिवात असो, फिट येत असो, काहीही लपवायचं नाही डोळ्यांच्या डॉक्टरांपासून.

आत्ता रात्री घरी भाऊ असेल तर त्याला एक करायला सांगा. जाड कागदाला सुईने बारीक भोक पाडायचं, एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने त्या भोकातून कॅलेंडरवरचे आकडे वाचायला सांगायचे. नंबरचा दोष असेल तर भोकातून जास्त स्पष्ट दिसतं. नसेचा असेल तर फरक पडत नाही, उलट जास्त अंधुक वाटतं. मग एक लाल वस्तू, पेनचं टोपण किंवा कुंकवाची डबी, एकेका डोळ्यासमोर धरून विचारायचं की लाल किती लाल आहे. हे निदान नाही, डॉक्टरांकडे जायचं का नाही ते यावर ठरवू नका, जायचंच आहे. फक्त तिथे सांगायला नेमकं काहीतरी हातात असेल.

उद्या खिडकीवर "दिसत नाही" एवढंच सांगू नका, मोतीबिंदूच्या रांगेत उभं करतील. असं सांगा: "टीबीचं इथॅम्ब्युटॉल पाच महिने चालू आहे, महिन्यापासून दोन्ही डोळ्यांना रंग कळत नाहीत." हे वाक्य ऐकल्यावर त्याच दिवशी बघतात.

तिथे काय काय होईल ते सांगते म्हणजे आई गोंधळणार नाहीत. एकेका डोळ्याने फळा वाचायला लावतील. मग इशिहाराचं पुस्तक, रंगीत ठिपक्यांमधून आकडे ओळखायचे. मग फील्ड टेस्ट, म्हणजे एका पांढऱ्या घुमटात हनुवटी ठेवून बसायचं आणि बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं, या त्रासात मधोमध डाग सापडतो. ही टेस्ट कंटाळवाणी असते आणि पहिल्यांदा कुणालाच नीट जमत नाही, त्यांना सांगा की काही दिवे मुद्दामच न दिसण्याइतके मंद असतात, चुकलं म्हणून घाबरायचं नाही. पुढे ओसीटी, म्हणजे नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन, आणि लागलं तर व्हीईपी, डोक्याला तारा लावून नसेतून सिग्नल कसा जातो ते बघतात. दुखत यातलं काहीच नाही. टॉर्च मारून बाहुली बघितली आणि नॉर्मल म्हणाले तरी समाधान मानू नका, त्या तपासणीत एका डोळ्याची दुसऱ्याशी तुलना असते आणि इथे दोन्ही सारखेच दुखावलेले असतात.

गाजर, त्रिफळा, झिंक याबद्दल: खाण्यातलं गाजर जरूर खा, पण याने ही नस बरी होते असं सिद्ध झालेलं नाही. यावर इलाज एकच, औषध थांबवणं, आणि लवकर थांबवणं. त्यानंतर सुधारणा काही आठवड्यांनी सुरू होते आणि कित्येक महिने हळूहळू चालते. काही जणांची पूर्ण येते, काहींची अर्धवट, थोड्यांची येत नाही. खोटा धीर देणार नाही, पण एक महिना हा काही हाताबाहेर गेलेला काळ नाही.

---

द्राक्षबाग (शनिवार, सकाळी ६.५०)

रात्रभर झोप नाही. भावाने भोकाच्या कागदाचं केलं, आईला भोकातून जास्तच अंधारं दिसलं. डाव्या डोळ्याला कुंकू "गंजल्यासारखं" दिसतं म्हणाली, उजव्याला त्याहून थोडं बरं. क्रिएटिनिनचा रिपोर्ट सापडला, १.६, म्हणजे वाढलेलंच, पण तो टीबी सुरू व्हायच्या आधीचा शुगरच्या डॉक्टरांकडचा, युनिटला तो आम्ही दाखवलाच नव्हता. मी पहिल्या एसटीने निघालेय, भाऊ आईला घेऊन सांगलीला येतोय. एसटीएसचा फोन लागला, डोस घेऊ नका, डॉक्टरांशी बोलून कळवतो म्हणाले.

---

मोगरा५२ (शनिवार, दुपारी १.१५)

ताई काळजी घ्या, काय झालं ते नक्की कळवा. विषय निघालाय म्हणून माझं लिहिते, कारण माझ्याकडे उलटं झालं, मला काहीच जाणवलं नव्हतं.

संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेत होते, नऊ वर्षं, ४०० मिलिग्रॅम रोज. वजन ५२ किलो. संधिवाताच्या नव्या डॉक्टर आल्या त्यांनी पहिल्याच भेटीत कॅल्क्युलेटर काढला, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवं असतं, माझं साडेसातच्याही वर होत होतं. डोळे कधी तपासलेत विचारलं, मी म्हटलं चष्म्यासाठी तपासते की दरवर्षी. त्या म्हणाल्या ते नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्याची, रेटिनाची तपासणी. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ओसीटीत पडद्याच्या मध्याच्या थोडं बाहेर पातळपणा सापडला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आपल्या आशियातल्या लोकांत बऱ्याचदा तो मधल्या बिंदूपासून लांब सुरू होतो म्हणून फील्ड टेस्ट मोठ्या वर्तुळाचीही करावी लागते, नुसती मधली करून चुकू शकतं.

माझी गोळी बदलली. पण तुमच्या आईची नस सुधारू शकते तसं हे परत भरून येत नाही, पडद्याचं गेलं ते गेलं, औषध बंद केल्यावरही थोडं वाढू शकतं म्हणे. मला अजून सगळं नीट दिसतंय, मशीनने वेळेत पकडलं एवढंच. पण इथे कुणी हे औषध घेत असेल तर घाबरून सोडू नका, फार गुणी औषध आहे, माझे सांधे त्यानेच वाचवलेत. वजन करा, डोस भागून बघा, आणि किडनीचा त्रास असेल किंवा स्तनाच्या कॅन्सरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते मुद्दाम सांगा, त्याने धोका वाढतो.

---

कोकणकडा (शनिवार, दुपारी ३.३०)

मोगराताईंसारखंच, न दुखणारं. माझ्या मुलाला दर उन्हाळ्यात डोळ्यांना प्रचंड खाज, चोळून चोळून लाल. एकदा डॉक्टरांनी ड्रॉप लिहून दिले, दोन दिवसांत बरं. पुढच्या वर्षी तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवली, त्याच्या पुढच्या वर्षी चिठ्ठीही लागली नाही, नुसती रिकामी बाटली दाखवायची. स्टिरॉइड होतं त्यात. अकराव्या वर्षी डोळ्याचं प्रेशर ३८ निघालं, २१ च्या आत असायला हवं. काचबिंदू. पोरगं क्रिकेट खेळत होतं, तक्रार शून्य. आता कायमचे प्रेशरचे ड्रॉप आहेत. चिठ्ठीवर "७ दिवस" लिहिलेलं होतं, स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि मी दोन वर्षं घातले. ज्यांच्या घरी असे उरलेले ड्रॉप आहेत त्यांनी आत्ता उठून बाटलीवरचं नाव वाचा एवढीच विनंती.

---

नजरेचा_फळा (शनिवार, दुपारी ४.१०)

कोकणकडा, चांगलं केलंत लिहिलंत. अजून एक जोडते, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या आजोबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सर्जनला ते सांगायचंच. त्या औषधाने बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि ऑपरेशन चालू असताना फडफडतो. ऐनवेळी गोळी बंद करून उपयोग होत नाही, पण सर्जनला आधी माहीत असलं की ते तयारीनिशी उतरतात.

आणि डोळ्यांवर असा परिणाम झाला की त्याची नोंद करता येते, औषधांच्या दुष्परिणामांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, नंबर १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नाही तर पेशंट किंवा नातेवाईकही कळवू शकतात. आईंचं स्थिरस्थावर झालं की जरूर करा.

---

द्राक्षबाग (रविवार, रात्री ८.२०)

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सविस्तर लिहिते.

खिडकीवर ताईंनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तिथल्या सिस्टरनी मान वर करून बघितलं आणि थेट आत घेतलं. फळ्यावर डावा डोळा ६/३६, उजवा ६/२४ (६/६ म्हणजे नॉर्मल). इशिहाराच्या पुस्तकातलं पहिलं पान तिनं वाचलं, बारा. मला इतका आनंद झाला. मग पुढची पानं आली आणि ती प्रत्येकावर म्हणत गेली ठिपके आहेत, नुसते ठिपके आहेत, आणि डॉक्टरांनी मला हळूच सांगितलं की ते पहिलं पान ज्यांना रंग कळत नाहीत त्यांनाही वाचता येतं. मी शेजारी उभी राहून सगळे आकडे बघत होते, ७४, ६, ४५, आणि तिला तिथे काही नव्हतं. ते एक मिनिट मी विसरणार नाही.

आतून नस नॉर्मल दिसली, ताई तुम्ही म्हणाला होता तशीच. फील्डमध्ये दोन्हीकडे मधे डाग आहे. क्रिएटिनिन १.७. इथॅम्ब्युटॉल बंद. आयसोनायझिड लागू पडतं असा रिपोर्ट होता, त्यामुळे आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन सुट्या गोळ्यांत चालू ठेवलंय, बरोबर बी-६ व्हिटॅमिन. आयसोनायझिडही क्वचित डोळ्यांना त्रास देतं म्हणून दीड-दोन महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर त्याचाही विचार करू म्हणाले. युनिटच्या डॉक्टरांचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं माझ्यासमोर झालं, एसटीएसनी सोमवारसाठी थांबू नका म्हणून आजच्या सुट्या गोळ्या स्वतः आणून दिल्या.

आई शांत आहे. एकच विचारलं तिनं, पाठ परत धरणार नाही ना.

---

हिरवंगार (रविवार, रात्री ९.००)

ताई, मी सगळ्या गोळ्या बंद करा म्हटलं होतं ते चुकीचं होतं. एसटीएस दादांचं वाचून कळलं. आईंना लवकर बरं वाटो.

---

द्राक्षबाग (साडेतीन महिन्यांनंतर)

धागा वर आणतेय, बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं होतं.

पहिले पाच आठवडे काहीच फरक नव्हता, उलट आठवडाभर थोडं कमीच झाल्यासारखं वाटलं, मी फार रडले. सहाव्या आठवड्यात फळ्यावर एक ओळ वाढली. परवाच्या तपासणीत उजवा ६/९, डावा ६/१२. फील्डमधला डाग लहान झालाय, गेलेला नाही. इशिहाराची आता निम्मी पानं येतात. आयसोनायझिड चालूच आहे. पाठ उत्तम. वजन ४१.

मधल्या काळात तिला शिवायचं थांबवायचं नव्हतं म्हणून मी प्रत्येक रिळावर कागदाची चिठ्ठी चिकटवून दिली होती, मोठ्या अक्षरात, लाल, चॉकलेटी, हिरवा, निळा. गेल्या रविवारी गेले तेव्हा डबा उघडून बघितला तर लाल आणि चॉकलेटीच्या चिठ्ठ्या तिनं काढून टाकलेल्या. त्या लुगड्याच्या पट्टीवरची ओळ पण उसवून परत घातलीय, सगळी लाल. हिरव्या-निळ्याच्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. पुढची फील्ड टेस्ट १४ तारखेला आहे.